घड्याळाच्या मनोऱ्याखाली, बारा वाजता

आमचं बँकॉकला जायचं ठरलं ते नांदेडला, एका लग्नाच्या पंगतीत. आमच्याबरोबर नोकरी केलेल्या एकाच्या मुलाचं लग्न होतं आणि मी लातूरहून बसने गेलो होतो. शेजारच्या ताटावर माझा दोस्त होता. पाटबंधारे खात्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बावीस वर्षं बसलो. रिटायर झाल्यावर मी लातूरला बांधलेल्या घरात आलो, वर्षभरात बायको गेली, मुलगी पुण्याला. तो नांदेडलाच राहिला, मुला-सुनेत, नातवंडांत.

जिलेबी मोडता मोडता तो म्हणाला, "समदे बँकॉक पाहून आले, गड्या. आपण काय बिलोलीच पाहून मरायचं का?"

बिलोलीला आमची दोघांची एकदमच बदली झाली होती, त्याचा त्याला अजून राग होता. मी हसलो आणि हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बँकॉकचं काही पडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला त्याचा फोन आला, तेव्हा मात्र ते शहर मला एकदम आवडायला लागलं.

तो लिंगायत, मी बौद्ध. नोकरीच्या पहिल्या वर्षी चेष्टेत सुरू झालेली आमची एक पद्धत होती: तो मला "जयभीम" म्हणणार आणि मी त्याला "शरणू शरणार्थी". रिटायर झाल्यावर ते बंदच पडलं होतं. दिवाळीला एक फोन, आणि जुन्यांपैकी कोणी गेलं की एक. कामाशिवाय फोन करायचा नसतो, हे आम्हा पुरुषांना कोणी शिकवलं कोण जाणे. आता काम मिळालं होतं. रोज साडेचारला मी गॅसवर चहा ठेवायचो, आणि चहा उकळायच्या आत पलीकडून "जयभीम" यायचं.

चार दिवसांची सहल, पण आम्ही ती महिनोन्‌महिने केली. मी लातूरहून नांदेडला यायचं, एक रात्र त्याच्या घरी काढायची, मग रेल्वेने हैदराबाद आणि तिथून विमान. एवढं ठरायला पंधरा दिवस गेले. धपाटे चार दिवस टिकतात की तिसऱ्या दिवशी वास येतो, यावर आठवडा गेला. तो शाकाहारी, त्यामुळे या प्रश्नाला फार वजन होतं. व्हिसा लागत नाही असं कळलं तेव्हा मी खट्टू झालो, कारण त्यावर निदान आठ-दहा दिवस निघाले असते.

मला तिथला निजलेला बुद्ध पाहायचा होता. त्याला पाहायचा होता शनिवार-रविवारी भरणारा चतुचक नावाचा बाजार. मी मोबाईलवर त्या बाजाराचे व्हिडिओ पाहून पाहून गल्ल्या पाठ केल्या. आमच्या लातूरच्या गंजगोलाईला चहूकडून रस्ते येऊन मिळतात, तिथं वाढदिवसाचा केक आणायला गेलेला माणूस बांगड्यांच्या दुकानात निघतो. हा बाजार तर त्याच्या कितीतरी पट मोठा. पण मधोमध एक घड्याळाचा मनोरा होता.

"आन् हरवलो तर?" तो म्हणाला.

"तर मनोऱ्याखाली यायचं. बारा वाजता."

"दोघांपैकी जो येईल त्यानं दुसऱ्याची वाट पाहायची. सोडून जायचं न्हाई."

"नाही जायचं," मी म्हणालो.

दोन म्हातारे बँकॉकला निघालेत म्हटल्यावर लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. त्याच्या गल्लीत तर हसून हसून पुरेवाट. माझ्या मुलीनेही फोनवर जरा थांबून विचारलं, "बाबा, बँकॉकच का?" मी म्हटलं, बुद्ध आहे तिथं. ती म्हणाली, "बरं. पण माझ्यासाठी काही आणू नका हं, इथं सगळं मिळतं."

खरेदीची यादी वहीत मीच लिहीत होतो. त्याच्या नावाखाली सुनेची पर्स, नातवाचे बूट, नातीची बाहुली, व्याह्यांना काहीतरी, असं पान भरून गेलं. माझ्या नावाखाली एक घडीची छत्री. तो म्हणाला, "एवढंच? शेजाऱ्यापाजाऱ्याला काय नेशील?" मी म्हणालो, बघू.

शेजाऱ्यांची हकिगत वेगळीच. पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आला. ओळखणारे दोन जण आणा म्हणाला, सह्यांसाठी. समोरच्या घरचे गृहस्थ आले, माणूस चांगला आहे, पण पेन हातात घेऊन त्यांनी मलाच हळूच विचारलं, "आपलं पूर्ण नाव काय म्हणालात?" तीन वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो. पोलिसाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवशी साडेचारला मी ही गोष्ट दोस्ताला गंमत म्हणून सांगितली. तो हसला नाही.

मग एका सकाळी पोस्टमन पासपोर्ट देऊन गेला. मी तो उघडून पाहिला, फोटोत मी कोणावर तरी रागावलेला होतो. दुपारी फोन आला.

"जयभीम. आला का?"

मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण तेवढ्यात मला सगळं दिसलं. हो म्हणालो की त्याचा मुलगा तिकिटं काढणार. आम्ही जाणार, चार दिवसांत परत येणार, छत्री येणार, बाहुली येणार. आणि पाचव्या दिवशी साडेचारला कोण कशाला फोन करील?

"नाही अजून," मी म्हणालो.

आणि पासपोर्ट कपाटाच्या खणात गॅसच्या पुस्तकाखाली ठेवून दिला.

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. चौकशीचा कागद अडकलाय म्हणालो. पत्त्यात चूक झाली म्हणालो. उगाच सरकारी खात्यावर ढकलत राहिलो. आम्हीच जन्मभर खात्यात काढलेले, त्यामुळे त्याला ते लगेच पटायचं. एक दिवस तो म्हणाला, "मी येऊ का लातूरला? दोघं मिळून जाऊ हापिसात, बघू कसा देत न्हाईत ते. मुक्काम करतो तुझ्याकडं."

बायको गेल्यापासून माझ्याकडे मुक्कामाला कोणी आलं नव्हतं. आणि मी घाईघाईने म्हणालो, "कशाला एवढा त्रास घेतोस, येईल आपोआप." माझ्या मूर्खपणाचा विचार करायला लागलो की मी नेहमी इथं येऊन अडतो. तो येत होता आणि मीच त्याला येऊ दिलं नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. सुट्ट्या लागल्या आणि त्याच्या मुलाने घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढली. सांगताना त्याचा आवाज उतरला होता. "पोराला म्हणलं, माझा दोस्त हाय सोबत. तर तो म्हणे, किती दिवस थांबून राहायचं? तू रागावला न्हाईस ना?"

मी म्हणालो, वेडा का तू, जाऊन ये. मग तासभर त्याला गल्ल्या समजावून सांगितल्या. बूट कुठं, बाहुल्या कुठं, पाणी कुठं मिळतं.

तो गेला त्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेदहाला मी भाजी निवडत बसलो होतो. फोन वाजला. पलीकडे इतका गोंगाट की त्याचं "जयभीम" मला आधी ऐकूच आलं नाही.

"मनोऱ्याखाली हाय मी," तो म्हणाला. "इथं बारा वाजलेत. पोरं तिकडं बूट पाहून राहिलीत. म्हणलं आपलं ठरलं होतं, तर येऊन थांबावं. तू असायला पायजे होतास, गड्या. लई गर्दी हाय, पण वळखीचं कोणी न्हाई."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती मी खाली ठेवली आणि जे इतके महिने बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. पासपोर्ट कधीच आला होता. कपाटात आहे. गेलो असतो तर चार दिवसांत संपलं असतं आणि तुझा फोन बंद झाला असता, म्हणून.

पलीकडे कोणीतरी त्या भाषेत काहीतरी विकत होतं, ते ऐकू येत राहिलं.

मग तो म्हणाला, "येड्या, मला फोन करायला तुला बँकॉक लागतं का?"

त्याच्या आवाजात राग होता की काय, मला कळलं नाही. तेवढ्यात नात त्याला हाका मारायला लागली आणि त्याने फोन ठेवला.

त्याला परत येऊन आता तीन आठवडे झाले. नांदेडहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती त्याने घडीची छत्री पाठवली, निळी आहे, चांगली आहे. पोचली म्हणून मी दोन शब्दांचा मेसेज केला, त्याने त्यावर अंगठा पाठवला. त्याचं म्हणणं खरं आहे, फोन करायला बँकॉक लागत नाही. रोज साडेचारला मी चहा ठेवतो, फोन हातात घेतो, त्याचं नाव काढतो. आणि काय म्हणून लावावा, ते सुचत नाही. त्यालाही सुचत नसावं.