दाऊदचाचांचा राग

"जाऊ दे, झालं गेलं" असं दाऊदचाचांसमोर म्हणायची सोय नव्हती. "गेलां कुठं? जागा दाखव मना," असं ते विचारत, आणि समोरच्याला जागा दाखवता आली नाही की विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. इथे आखातात, रुसैलच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. वय साठीला टेकलेलं, अंगाने काडी, आवाज मात्र तीन शेड ओलांडून जाणारा.

मी तिथल्या प्रयोगशाळेत रुजू झाले त्या दिवशी ते एका सुपरवायझरवर कडाडत होते. त्याने आदल्या दिवशी एका बांगलादेशी कामगाराच्या कानफटात मारली होती. "खलास चाचा, कल की बात है," असं तो हसत म्हणाला. चाचांनी त्याला हातमोजे द्यायचं बंद केलं. जिथे मारलं तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर माफी माग, मग मोजे ने. चार दिवस तो गडी उघड्या हातांनी हिंडला आणि पाचव्या दिवशी त्याने माफी मागितली. चाचांनी मोजे दिले, वर चहाही पाजला.

त्याच आठवड्यात त्यांनी मला गाव विचारलं. मी रत्नागिरीकडचं गाव सांगितलं. त्यांचं गाव खाडीच्या पलीकडचं निघालं. "खोतांची काय गो, बाय?" मी हो म्हटलं. ते नुसतंच "बरां" म्हणाले. पुढे तीन वर्षं ते दर शुक्रवारी नमाजानंतर अल खौदला आमच्या घरी येत राहिले. येताना मासे आणत आणि मी ते कापताना मागे उभे राहून माझी खेचत. "मासा एकदा मेलाय बाय, परत कित्याक मारतंस?" त्या "बरां"मागे काय होतं, हे मला तीन वर्षांत विचारावंसंही वाटलं नाही.

आमच्या घराण्यात एक गोष्ट आहे. माझ्या पणजोबांनी, म्हणजे खोतांनी, गावामागचा डोंगर "माणसांत आणला". डोंगरावर कातकऱ्यांची वाडी होती. पणजोबांनी भर दुपारी पेटत्या झावळीच्या एका चुडीत ती रिकामी केली आणि तिथे हापूसची कलमं लावली. लग्नात, मुंजीत, कलमांना मोहोर आला की, ही गोष्ट आमच्याकडे चवीने सांगतात. "एका चुडीत" म्हणताना माझे वडील चुटकी वाजवतात. मीही ती चुटकी वाजवत लहानाची मोठी झाले.

माझी मुलगी इरा दहा वर्षांची होती, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी मुलांसाठी कथाकथन ठेवलं. विषय होता, आमच्या घराण्याची गोष्ट. मुलांचं मराठी सुधारावं हा हेतू. बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी इराकडून डोंगराची गोष्ट घोटून घेतली, चुटकीसकट. आम्ही लेकराच्या जिभेला मराठीचं वळण लावायला जाळपोळ निवडली, आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

त्या शुक्रवारी चाचा आले तेव्हा तालीम चालू होती. इराने चुटकी वाजवली. चाचांनी तिला शांतपणे विचारलं, "आत कोण होतां?"

"आत? No one. सगळे... पळाले ना."

चाचा उठून उभे राहिले. त्यांच्या घरात ही गोष्ट बसून सांगत नाहीत, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "दोघां होती," ते म्हणाले. "पवनी नावाची आंधळी म्हातारी आनि तापान पडलेली तिची नात. नातीचं नाव कोणाला ठाव नाय. हुकूम तुझ्या खापरपणज्यान केलान, पोरी. चूड माझ्या आज्यान लावलीन. तो खोतांकडं गडी होता. त्यानंतर मरेपर्यंत त्यान आपल्या हातान चूल पेटवलीन नाय."

"अहो दाऊद, लहान पोरीसमोर कशाला?" बाबा म्हणाले. "जुन्या गोष्टी."

"लहान पोरच सांगत होती की."

"आणि लावली तुमच्याच आजोबांनी ना?"

"व्हय. म्हणून तर माझा राग निवत नाय. राग निवला का गोष्ट गोड लागते. तुमची बघा कशी गोड झालीय."

जाताना दारात त्यांनी मला विचारलं, "पुढल्या शुक्रवारी स्टेजवर पोर काय सांगनार?" त्यांनी आयुष्यात माझ्याकडे तेवढं एकच मागितलं. मी म्हणाले, "बघते, चाचा."

मी काहीच बघितलं नाही. बाबा रुसून बसले होते, इराचं पाठांतर झालं होतं, आणि मला घरात तमाशा नको होता. इराने गोष्ट सांगितली, चुटकीला टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. रविवारी मी स्टोअरमध्ये गेले तेव्हा चाचांनी मला मास्कचा डबा दिला आणि म्हणाले, "इथं सही करा, मॅडम." ते माझ्यावर ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ज्याच्याकडून काही आशा आहे त्याच्यावरच ते ओरडत, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. सहा महिन्यांनी निवृत्त होऊन ते गावी गेले, आणि गेल्या हिवाळ्यात वारले. कारखान्याच्या ग्रुपवर बातमी आली. खाली चाळीस जणांनी हात जोडले होते.

मी बाबांना फोन केला आणि म्हणाले, इराला मी सगळं सांगणार आहे. ते म्हणाले, "मेलेल्या माणसांसाठी जिवंत माणसांशी भांडतेस?" मी म्हणाले, हो. मला त्यांचा राग आला होता, पणजोबांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या "बघते"चा.

इरा आता तेरा वर्षांची आहे. मी सांगितलं ते तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाचा आले त्या दिवशी त्यांचं बोलणं मला नीट कळलंच नाही. मला वाटलं, त्यांची गोष्ट वेगळी आहे, आपली वेगळी. तुला माहीत होतं, एकच आहे?"

"हो."

"तरी तू मला स्टेजवर पाठवलंस?"

मी "अगं, तेव्हा..." असं काहीतरी सुरू केलं. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दोन आठवडे झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचा राग निवावा म्हणून मी काहीही करणार नाही.