जल्लीमामांची भीती

जल्लीमामा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे आणि मग माणसांकडे बघायचे. चपला काढायच्या, खाली वाकायचं, जमिनीपासून वीतभर उंचीवर हाताची मागची बाजू टेकवायची आणि डोळे मिटायचे. घरात लग्न असो, बारसं असो, की कुणी गेलेलं असो. तेवढ्यात घरच्या बाईचा चेहरा पांढरा पडायचा, कारण मामांनी डोळे उघडून "अय्यो" म्हटलं की त्या घराचे पुढचे दोन महिने खणण्यात गेलेच म्हणून समजा.

ते माझ्या आईचे मावसभाऊ. तमिळमध्ये खडीला जल्ली म्हणतात, आणि मामांचं सगळं आयुष्य खडीत गेलं, म्हणून कुंभकोणमच्या बाजारात ते जल्ली अय्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या आम्हा मराठी घरांचे जल्लीमामा. जोत्याच्या कडेने चर खणायचा, त्यात भोकं पाडलेला पाईप घालायचा, भोवती खडी भरायची आणि जमिनीत मुरलेलं पाणी भिंतीला शिवायच्या आधीच दूर न्यायचं, हे त्यांचं काम. सुरुवात विणकरांच्या घरांपासून झाली. तिथे माग जमिनीतल्या खड्ड्यात असतो आणि पावसात विणकराच्या पायाखाली पाणी चढतं. मी पुण्याहून परत आले तेव्हा मोठ्या ऐटीत त्यांना मोबाईलवर 'फ्रेंच ड्रेन'चा व्हिडिओ दाखवला होता. मामांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "हें फ्रेंच म्हणजे पाँडिचेरीचें कां? बरें करतात. पण खडी धुतली नाही बघ त्यांनीं."

खडी धुणं हे मामांचं वेड होतं. ती घमेल्यात घ्यायची आणि तांदूळ धुतो तशी धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. कामावरच्या बायका कंटाळायच्या. ही खडी आता शिजवायची का, असं एकीने एकदा विचारलं होतं. मामा हसले नाहीत. "मातीचा एक कण आज गेला तर उद्यां शंभर जातील आणि पाईप बुजेल," म्हणाले, आणि ते घमेलं पुन्हा धुवायला लावलं.

मामा भित्रे होते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलते आहे असं नाही, ते स्वतःच सांगत, "मी भितों, म्हणून माझें काम टिकतें." रस्ता ओलांडायला भ्यायचे, बसमध्ये खिडकीशी बसायला भ्यायचे, पण सगळ्यात जास्त भ्यायचे ते पाण्याला. पोहता येत नव्हतं. माघातल्या पर्वाला सगळं गाव महामहमच्या तळ्यात बुड्या मारतं, तेव्हा हे वरच्या पायरीवर उभे राहून तांब्याने डोक्यावर पाणी घ्यायचे आणि तेवढ्यावर पुण्य पदरात पाडून घ्यायचे. आम्ही मुलं खूप हसायचो. काम करतानाही तेच. घराच्या कडेचा सगळा चर एकदम कधी उघडायचे नाहीत. दहा फूट खणायचं, पाईप घालायचा, पाणसळीच्या नळीने उतार बघायचा, खडी भरायची आणि मगच पुढचे दहा फूट. पाया उघडा पडला की भिंत बसते, याची त्यांना धास्ती.

आमचं घर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, नोकरीत असताना बांधलं, भाताच्या शेतात भर घालून झालेल्या वसाहतीत. पुढचा रस्ता दर काही वर्षांनी नवा होतो आणि दर खेपेला उंच होतो. आता घरात शिरायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. आई गेल्यावर आप्पांना अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडून परत आले, तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागला होता. हात लावला की गिलाव्याचे पोपडे पडत. आप्पांची लोखंडी खाट तिथेच, भिंतीला लागून. ती दारातून निघत नव्हती आणि आप्पा मला एकटीला उचलवत नव्हते. त्या वर्षीच्या पावसात शेजारच्या घराची कुंपणभिंत बसली, आवाजसुद्धा झाला नाही. तेव्हापासून मला धड जेवण जाईना. दिवसातून दहादा मी त्या खोलीत जायची, आणि आधी भिंतीकडे बघायची.

मामांनी उन्हाळ्यात काम धरलं. चर घराच्या मागून आणि कडेने झाला. प्रश्न आला पाणी सोडायचं कुठे. घरामागे वायक्काल आहे, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा कालवा. तो तेव्हा कोरडा ठणठणीत, आमच्या जमिनीपेक्षा चांगला तीन हात खोल. मी म्हटलं, पाईप तिकडे काढा. मामा म्हणाले, "नको गे. हा आतां कोरडा आहे म्हणून भुलूं नको. भरला म्हणजे तो वर आणि आपण खालीं. मग पाणी आपल्याच पाईपांतून आपल्याच घरीं येईल. पुढें संप करूं, म्हणजे जमिनींत खड्डा. टाकी, मोटर, आणि पाणी उचलून रस्त्याच्या गटारांत."

मोटरवर माझा विश्वास नव्हता. आमच्याकडे वारा सुटला की आधी वीज जाते. मामा नको म्हणाले, मी का नको म्हटलं, मामा पुन्हा नको म्हणाले. शेवटी मी चिडले. "मामा, तुम्हाला ना, सगळ्याचीच भीती वाटते. तुमच्या भीतीपायी आप्पांना अंधारात पाण्यात ठेवू का?" आणि हे मी तमिळमध्ये बोलले, म्हणजे चर खणणाऱ्या बायकांनाही कळलं. त्या हसल्या. मामांचे कान लाल झाले. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. पाईप वायक्कालात गेला. तोंडाशी त्यांनी रबराचं एक झापड तेवढं लावलं, आतलं पाणी बाहेर जावं आणि बाहेरचं आत येऊ नये म्हणून. मला वाटलं, मी जिंकले.

आमचा खरा पाऊस दिवाळीच्या पुढेमागे येतो. त्या वर्षी तो तीन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चर जिथे वळतो त्या कोपऱ्यातल्या चेंबरमध्ये डोकावले, तर पाणी वर चढत होतं, आणि ते आमच्या बाजूचं नव्हतं. त्यात जलपर्णीची पानं तरंगत होती. वायक्काल काठोकाठ भरून आमच्या पाईपातून उलटा घरात येत होता. मी खोलीत धावले. भिंतीच्या तळातून पाण्याची रेघ फरशीवर आली होती आणि आप्पांच्या पांघरुणावर गिलाव्याचा तुकडा पडला होता. आप्पा त्या तुकड्याकडे बघत होते. रस्त्याच्या टोकाला गुडघाभर पाणी, शेजारचं घर बंद. मी मामांना फोन केला आणि मला फक्त रडता आलं.

रिक्षा बंद होत्या. मामा चालत आले, धोतर वर खोचून, खांद्यावर दोरी आणि वाळूचं पोतं. आत येऊन म्हणाले, "भावजी, मी आलों," आणि मागच्या दाराने वायक्कालाकडे गेले. दोरीचं एक टोक त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्याकडे दिलं. "माडाला दोन वेढे घाल आणि मग धर. नुसत्या हातांत धरूं नको. तुज भय वाटलें कीं हात सुटेल."

मग ते उतरले. पाणी छातीपर्यंत होतं. माणूस इतका थरथरताना मी कधी पाहिला नाही. तोंड वर करून, डोळे घट्ट मिटून ते पाण्याखाली हातांनी चाचपत होते आणि ओरडत होते, "दोरी आहे नव्हे? बोल गे, बोलत राहा!" मी ओरडत होते, "आहे मामा, आहे!" झापडात जलपर्णीची मुळं अडकून ते उघडं राहिलं होतं. मामांनी ती उपटून काढली, गाठोडीच्या गाठोडी. एकदा त्यांचा पाय सरकला, डोकं पाण्यात गेलं आणि दोरी ताणली गेली. त्या क्षणी आत आप्पा आणि बाहेर मामा, दोघेही माझ्या जिद्दीपायी जात होते, आणि मला ते लख्ख कळत होतं. मामा वर आले. झापड दाबून त्यांनी त्यावर वाळूचं पोतं रेटलं. मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं चेंबरमधलं पाणी बादल्यांनी उपसत राहिलो. भिंत उभी राहिली.

मी त्यांची माफी मागायला गेले, तर त्यांनीच हात जोडले. दात वाजत होते. "तुझी चूक नव्हे. तू किती वर्षें बाहेर होतीस, तुज वायक्काल कसा आठवेल. मी पाण्यास भिऊन एवढीं घरें राखलीं, आणि तुझ्या एका शब्दास भिऊन भावजींस बुडवत होतों." मला वाटलं होतं की ते मला रागावतील. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

पाऊस उघडल्यावर त्यांनी ती लाईन उखडून उलटा उतार दिला आणि पुढे संप बांधला, मोटर आणि इन्व्हर्टरसकट. मी एका शब्दाने मध्ये पडले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिरुप्पनंदाळला एका कामावर, खडी धुऊन घेत असताना, त्यांच्या छातीत कळ आली आणि ते तिथेच गेले. पाण्यात गेले नाहीत, याचं मला वेड्यासारखं समाधान वाटलं. आणि मग दिवसभर मी रडत होते.

आप्पांना मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, ते रडले, आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले; त्या झटक्यापासून त्यांच्या लक्षात फारसं राहत नाही. पुन्हा सांगायचं धैर्य मला झालं नाही.

यंदाही पाऊस लागला. भिंत आता कोरडी आहे, पण पत्र्यावर आवाज सुरू झाला की आप्पांची नजर भिंतीवर जाते आणि ते अर्ध्या जिभेने विचारतात, "जल्ली?" मी म्हणते, "फोन केला आप्पा. निघाले आहेत." मग छत्री घेऊन मी संपाशी जाते, लोखंडी झाकण उचलते, वाकून बघते. मोटर चालू असते. तरी पाणी खाली गेलेलं दिसेपर्यंत मी झाकण धरून उभी राहते. झाकण खाली ठेवताना आवाज होतो, आणि तो आत ऐकू जातो.

"आला," आप्पा आतून म्हणतात. त्यांच्या आवाजातला सगळा घोर गेलेला असतो.

मी ओल्या पायांनी दाराबाहेरच थांबते. आत गेले तर त्यांना दिसेल की मी एकटीच आहे.