बटण दाबायला कसली परीक्षा?

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

आमच्या जतकडच्या माळावर मोबाईलला रेंज नाही. म्हणून मेंढरांमागं जाणाऱ्या आण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, मी वॉकीटॉकीची जोडी मागवली. चुलते तात्या फौजेत वायरलेसवर होते. ते म्हणाले, "एवढ्या ताकदीच्या सेटला लायसन लागतं रं. आदी परीक्षा दे."

मी हसलो. "तात्या, बटण दाबायला कसली परीक्षा?"

आज एक सेट आण्णांसोबत माळावर गेला. दुपारी दोस्तांसमोर दुसऱ्याचं बटण रुबाबात दाबून धरलं आणि क्रिकेटची कॉमेंट्री ठोकत बसलो. चांगली दहा मिनिटं.

तासाभरानं आण्णा काठी टेकत, लंगडत दारात आले. ओघळीत घसरून पाय मुरगळला होता. म्हणाले, "लय हाका मारल्या रं. तुजंच बोलणं संपंना."

बटण दाबलेलं असताना समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही, एवढंही मला माहीत नव्हतं.

तात्या आण्णांच्या पायाला हळद लावत होते. मान वर न करता म्हणाले, "परीक्षा बटण सोडायची असती."

लायसन्सचा अर्ज उद्या भरतोय. पण आत आण्णा झोपलेत, त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगा.