पुरावा शेवटी ठेवला

गेल्या महिन्यात इंदापूरचा एक पक्षकार बारामतीच्या कोर्टात माझ्याकडे अर्ज घेऊन आला. अक्षर ओळखीचे नव्हते. "बिरूतात्यांनी नाही लिहून दिला?" मी विचारले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "वकीलसाहेब, तुमास्नी कुणी कळवलं न्हाय व्हय? तात्याला जाऊन पंधरा दिवस झालं की..."

इंदापूरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा बिरू स्वतः वकील व्हायचा होता. तो झाला नाही, याला कारण मी आहे.

दुसरे महायुद्ध लागण्याच्या चार-पाच वर्षे आधीची गोष्ट. मी सांगवीच्या बागाईतदाराचा मुलगा, तो लोणी भापकरच्या मेंढपाळाचा. मॅट्रिक होऊन आम्ही बारामतीत एका खोलीत राहत होतो आणि जिल्हा वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. विषय ठरलेले, कोणता आधी पक्का करायचा, एवढेच आपल्या हातात. बिरूची पाठांतराची तऱ्हा न्यारी होती. प्रत्येक कलम तो घरच्या एकेका मेंढीशी जोडायचा. अज्ञानाने, म्हणजे वयात न आलेल्याने, केलेला करार म्हणजे दात न आलेले कोकरू. फसवून घेतलेली संमती म्हणजे दुसऱ्याच्या कळपात शिरणारी कानफाटी. मी हसायचो. "हस की! तुझी कलमं वांग्यावानी, समदी सारखीच. माझं एकबी हरवायचं न्हाय."

पुराव्याच्या कायद्याचे पुस्तक मात्र दोघांत एकच, तेही महिन्याच्या बोलीवर मागून आणलेले. मला तो विषय जड जात होता. मी त्याला म्हणालो, "हा शेवटी ठेव. यातलं फार विचारत नाहीत. आधी करार आणि हिंदू कायदा उरक." मी खोटे बोलत होतो, आणि ते मला ठाऊक होते. तो "बरं" म्हणाला. पुस्तक माझ्या उशाशी राहिले. त्याच्या हाती आले तेव्हा परत करायला चार दिवस उरले होते... मी पास झालो. बिरू बाकी सगळ्यांत पास, पुराव्यात नापास. त्याच साली त्याचे वडील वारले, कळपामागे जायला दुसरे कोणी नव्हते, आणि पुन्हा बसायचे राहूनच गेले.

पुढे तो इंदापूरला अर्ज लिहायला बसला. त्याने लिहिलेले अर्ज इतके नेटके असत, की मला नुसते उभे राहून वाचायचे काम उरे. एकदा लिंबाखाली धीर करून म्हणालो, "बिरू, त्या पुस्तकाचं..." त्याने टाक दौतीत बुडवला. "वकील, पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत न्हाय. मग अर्जवाल्यापुढचा कसा चालंल? च्या घेणार का?"

म्हणजे त्याला कळले होते. मी चहा घेतला.

परवा त्याच्या घरी गेलो. ओसरीवर कायदा शिकणारे दोन तरुण पुस्तके घेऊन बसले होते. सुट्टीत तात्या शिकवायचे म्हणून ते यायचे, अजूनही येतात, असे बिरूची बायको सोनाबाई म्हणाली. मला हे माहीतच नव्हते. "कुठून सुरुवात केलीत?" मी विचारले.

"पुराव्यापासनं," एक म्हणाला. "तात्या पयल्या दिवशी त्योच उघडायला लावायचे. म्हणायचे, मी आळसानं शेवटी ठेवला, तुमी ठेवू नका."

बिरूची घोंगडी अजून भिंतीकडे अंथरलेली होती. तिच्यावर कोणी बसत नव्हते. मी तिच्यासमोर, त्या दोघांच्या शेजारी खाली बसलो.

"आळस नव्हता," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं त्याला..."