लाकडी कॉकपिटमधला पेट्रोलचा नळ

सागवानी फळीचा पॅनल, गजराच्या घड्याळापासून उंचीमापक, नांगराच्या मुठीची स्टिक, पायाखाली सायकलचे पेडल. मंडळी, हे सगळं मी त्र्याऐंशी साली सानगडीत, कुणाकडून न शिकता, माझ्या हातानं बनवलं.

माझा मित्र वसंता नागपूरला विमान चालवायला शिकत होता. सुट्टीत आला की डोळ्यांना दुपट्टा बांधून या पॅनलवर सराव करायचा. मी ओरडायचो, "इंजिन अडखळलं!" की त्याचा हात थेट पेट्रोलचा नळ पूर्ण उघडायला.

लायसन्सच्या परीक्षेआधी, एकट्यानं उडताना, इंजिन खरंच अडखळलं. विमान धानाच्या बांधीत पडलं. दवाखान्यात त्यानं विचारलं, "तुह्या फळीवर नळ उलटा तं नव्हता ना गा?"

"सूतभरही चूक नाही गा, वसंता."

घरी येऊन पाहिलं. नळ मी फळीच्या मागून बसवला होता. डावं उजवीकडे गेलं होतं. उघडायची बाजू ती बंद करायची झाली होती.

वसंता पुन्हा उडाला नाही. मी त्याला कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी तो गेला.

आज सकाळी एक हॉटेलवाला सजावटीसाठी पॅनल मागायला आला. नळ फिरवून म्हणाला, "काकाजी, एकदम परफेक्ट!"

तुम्ही दिला असता? तो चाळीस हजार देत होता. मी नाही म्हणालो.