पाहुणा होण्याची तालीम

अत्यंत जड अंतःकरणाने आणि त्याहून हलक्या पोटाने जाहीर करतो, की पन्नाशी उलटल्यावर मी 'पाहुणा' या पदासाठी सपशेल नापास ठरलो.

परीक्षा घेतली माझ्याच मुलाने. निनादला ऑटिझम आहे. नोकरी उरणला, गोदामाच्या ऑफिसात. दर शनिवारी नेरूळला शिल्पाताईंच्या ग्रुपमध्ये तो आणि त्याच्यासारखीच तरुण मुलं-मुली चारचौघांत वावरायचा सराव करतात. त्या रविवारी ऑफिसमधले तिघे आमच्या कामोठ्याच्या घरी यायचे होते. निनादने स्वतः बोलावलेले, आयुष्यात पहिल्यांदा! म्हणून आदल्या दिवशी अख्खा ग्रुप तालमीला आमच्याकडे. ग्रुपने यजमान व्हायचं आणि पाहुणा मी. (शाळेच्या नाटकात कामं केलेली असल्याने भूमिका मी हट्टाने मागून घेतली होती.)

बेल वाजवली. निनादने दार उघडलं, नमस्कार केला, पंख्याखाली बसवलं. फर्स्ट क्लास! मग ग्रुपमधली, करावे गावची सायली बटाटेवडे घेऊन आली.

"काका, वडा घेणार?"

"छे छे, नको! आत्ताच खाऊन आलोय." (साफ खोटं! बायकोने सकाळपासून मला वड्यांच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं.)

"बरं," म्हणत सायली पुढे गेली.

दुसऱ्या आग्रहासाठी मी तयार ठेवलेला चेहरा तसाच राहिला. चहा आला. "कशाला उगाच त्रास? नको!" चहाही गेला. समोर सगळे वडे हाणतायत, बायकोसुद्धा! शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "चला, निघतो मग!"

"बरं. या," निनाद म्हणाला. त्याने माझ्या चपला सरळ करून दिल्या, दार उघडलं, आणि मी जिन्यात! दार बंद!

समोरच्या वहिनी कचरा ठेवायला बाहेर आल्या. "काय हो, भांडण झालं?"

"नाही, मी पाहुणा आहे."

"स्वतःच्या घरी?"

मी पुन्हा बेल दाबली. आत माझी उलटतपासणी सुरू झाली.

"भूक होती तर नको कशाला बोललात?" सायली.

"तशी पद्धत असते गं."

"मग खरंच नको असेल तर काय बोलायचं?"

"नकोच!"

"आणि समोरच्याला कसं कळणार?"

मी आशेने शिल्पाताईंकडे पाहिलं. त्याही वडा हातात धरून माझ्याच उत्तराची वाट बघत होत्या!

निनाद मात्र हसत नव्हता. "बाबा, उद्या ते नको म्हणाले तर मी देऊ की नको देऊ? चुकलं तर ते परत येणार नाहीत."

"अरे, तोंडावरून ओळखायचं."

"तोंडावरून मला कळत नाही. तुला माहितीय."

माहीत होतं. आणि इतकी वर्षं नको नको करत जेवलेल्या मला ते समजावून सांगता येईना. शेवटी त्यानेच तोडगा काढला. "मी दारातच सांगीन."

आणि रविवारी तिघे दारात येताच खरंच सांगितलं! "या. आमच्याकडे नको म्हणजे नकोच धरतो. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यातले वयाने मोठे साहेब सोफ्यावर ऐसपैस बसले. "बेस्ट! मग मला हो. चार वडे." बाकीच्या दोघांनी तर चटणीसुद्धा दोनदा मागून घेतली. "पुढच्या महिन्यात परत येऊ का रे?" साहेबांनी विचारलं. निनाद म्हणाला, "हो," आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला तीच बातमी तीनदा सांगून आला.

मला भरून आलं. अशा प्रसंगी माझ्यासारखा रंगात आलेला माणूस गप्प बसतो थोडाच? मी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली. निनादने यजमानाच्या कर्तव्यबुद्धीने पाहुण्यांना विचारलं, "बाबा आता त्याच्या तरुणपणीचे किस्से सांगणार आहे. बराच वेळ लागतो. ऐकणार?"

तिघेही एका सुरात, जराही न अडखळता म्हणाले,

"नको!"