बारा इंची वूफर आणि उत्तमसिंगचा नंगारा

दिग्रसच्या बसस्टँडमागं राजदीप मुनेश्वरचं गाडीत साउंड बसवायचं दुकान आहे. तिथं जायचं तर पाणउतारा करून घ्यायची तयारी ठेवूनच जावं. कोणी खोक्यावर छापलेले 'तीन हजार वॉट' बोटानं दाखवत आत आला, की राजदीप चष्म्यावरून त्याच्याकडं बघत म्हणणार, "खोक्यावर वाघाचंही चित्र काढता येते. निंगते का त्यातून वाघ?" मग तो खोकं उलटं करतो आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला खरा आकडा गिऱ्हाइकालाच मोठ्यानं वाचायला लावतो. दीडशे. गिऱ्हाइकाचं तोंड एवढंसं होतं. अशा माणसाचा धंदा चालावा कसा? पण चालतो. आर्णी, पुसद, पार कळंबवरून लोक येतात, कारण राजदीपनं बसवलेला वूफर, म्हणजे जाडा आवाज काढणारा मोठा स्पीकर, जळत नाही.

आपल्याकडं एक समज आहे, की आवाजाला ताकद देणारा अॅम्प मोठा लावला म्हणजे वूफर जळतो. राजदीपला हे कोणी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. त्याचं म्हणणं असं की जाळतो तो लहान अॅम्प. माणूस त्याला पिळतो, बटन शेवटापर्यंत फिरवतो, आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजानंच आतली कॉइल जळते. म्हणून तो आधी वूफर ठरवतो. तो सतत किती ताकद सोसतो ते पाहतो, किती ओहमचा आहे ते मीटर लावून मोजतो, आणि मग त्याच्या जोडीचा अॅम्प काढतो. यवतमाळला आयटीआय, त्यानंतर नागपुरात सहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबून शिकलेली ही विद्या. आणि या सगळ्याच्याही आधी त्याचा एक नेम आहे. गिऱ्हाईक जे ऐकणार ते तो स्वतः आधी हेडफोन लावून ऐकणार. ऐकल्याशिवाय पेचकसाला हात लावायचा नाही. तेरा वर्षांत त्यानं हा नेम एकदाच मोडला. देवसिंग राठोडसाठी मोडला, आणि त्याच्या भल्यासाठीच मोडला असं तो तेव्हा समजत होता.

देवसिंग हा आर्णी रोडवरच्या बंजारा तांड्यातला. दिग्रस ते आर्णी काळी-पिवळी जीप चालवतो. होळीला महिनाभर असताना एका दुपारी तो दुकानात आला, चहा नको म्हणाला, आणि मोबाइल हातात धरून समोर बसला. मग सांगायला लागला तर थांबेचना.

त्याचा थोरला भाऊ उत्तमसिंग तांड्याचा नंगारा वाजवायचा. होळीची लेंगी गाणी असोत, कोणाचं लग्न असो, काठी उत्तमसिंगच्या हातात. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि अकरा दिवसांत माणूस गेला. मागं त्यांची आई लालीबाई, म्हणजे त्यांच्या बोलीत याडी. ऐंशीच्या पुढची. तिचे कान केव्हाचेच गेलेले. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की बारीक आवाज सगळे गेले, जाडे तेवढे थोडेफार पोचतात. नातवंडांचं बोलणं तिला कळत नाही, पण ट्रॅक्टर गेला तर कळतो, आभाळ गडगडलं तर कळतं. उत्तमसिंग समोर बसून बोलायचा ते तिला ऐकू येत नसे. तो नंगारा वाजवायला लागला की मात्र ती घरात बसल्या बसल्या मान डोलवायची. पोराचा तेवढाच आवाज तिच्याकडं उरला होता, आणि आता तोही गेला.

देवसिंगच्या मोबाइलमध्ये उत्तमसिंगच्या शेवटच्या होळीचा व्हिडिओ होता. पुरा सहा मिनिटांचा. त्यानं तो आईच्या कानाला लावून पाहिला, पण ती मान हलवायची, काही नाही म्हणायची. देवसिंगनं आपल्या मनाशी हिशेब मांडला, की मोबाइलचा स्पीकर सदऱ्याच्या गुंडीएवढा, त्यातून नंगारा निघणार कसा? मोठा वूफर पाहिजे. गाडीत बसवायचा आणि याडीला त्याच्याजवळ बसवायची.

"होळीच्या आंधी तिले एकडाव उत्तम ऐकू येवाव, भाऊ," तो म्हणाला. "मंग जे व्हाचं ते हो." आणि खाकी बाहीनं डोळे पुसू लागला.

राजदीपचा हात सवयीनं हेडफोनकडं गेला होता. तो त्यानं मागं घेतला. समोर माणूस रडतोय, आणि त्याच्या मेलेल्या भावाला आपण माल तपासावा तसं कानाला लावून तपासायचं? त्याला लाज वाटली. आता खरं सांगायचं तर नुसती लाज नव्हती. भुललाही होता तो. तेरा वर्षं तीच ती धांगडधिंग्याची गाणी, गाडीच्या काचा थरथरल्या की खूश होणारे तेच ते लोक. आज पहिल्यांदा कोणीतरी अस्सल चामड्याचा ठोका मागायला आला होता. तो ठोका त्या जुन्या जीपमध्ये कसा घुमेल ते त्याला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं.

"झालंच समजा, देवसिंगभाऊ," तो बोलून गेला.

देवसिंगला पंधरा इंची दोन वूफर पाहिजे होते. राजदीपनं त्याला शांतपणे, एकही टोमणा न मारता समजावलं. पंधरा इंचीचा पडदा जड असतो. उठतो उशिरा आणि बसतोही उशिरा. नंगाऱ्याचे ठोके जवळजवळ पडतात, ते एकमेकांत मिसळून त्यांची नुसती घरघर होईल. त्यापेक्षा बारा इंची, एकच. चार ओहमचा, तीनशे वॉट सतत सोसणारा, आणि चारही बाजूंनी बंद पेटीत बसवलेला, म्हणजे ठोका पडला की जागच्या जागी थांबेल. अॅम्प त्याहून थोडा वरचा, चार ओहमवर आरामात चालणारा. त्याला पिळायची गरजच पडू नये. पेटी राजदीपनं जाड प्लायची स्वतः केली, सांधा न् सांधा गोंदानं भरला. पेटीत भरायला कापूस लागतो, तो देवसिंगनं आपल्या शेतातला आणून दिला. बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली. दोन दिवस गाडी दुकानासमोर उभी राहिली आणि देवसिंगच्या फेऱ्या बुडाल्या, पण त्यानं एकदाही घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. देवसिंग व्हिडिओ राजदीपच्या कॉम्प्युटरवर टाकून कोणाकडं तरी गेला होता. राजदीपनं आधी आपलं नेहमीचं तपासायचं गाणं लावलं. गाडी भरून गेली, दुकानाचं टिनही वाजलं. वा! मग त्यानं उत्तमसिंगचा नंगारा लावला.

समोरच्या स्पीकरमधून आवाज आला: टक टक, टक टक. वूफर गप्प.

फ्यूज पाहिला. वायर पाहिली. अॅम्पचं बटन थोडं फिरवून पाहिलं. पुन्हा ते तपासायचं गाणं लावलं, तर वूफर धडाधड चालला. नंगारा लावला, की मेला. शेवटी त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. पडदा हलतच नव्हता. तेव्हा कुठं त्यानं हेडफोन कानाला लावला, आणि पाच सेकंदांत त्याला सगळं कळलं. अरे, हेच पहिल्या दिवशी पाच सेकंदांत कळलं असतं!

मोबाइलचा माइक माणसाचं बोलणं पकडायला केलेला. त्याच्या खालचा जाडा आवाज त्या स्वस्तातल्या मोबाइलनं घेतलाच नव्हता. चामड्यावर काठी आपटल्याची टकटक होती, लोकांचा गलका होता, शिट्ट्या होत्या. नंगाऱ्याचं पोट तेवढं नव्हतं. जे घेतलंच नाही ते जगातला कोणताही वूफर कुठून आणून देणार? आणि त्यात दैवाची थट्टा कशी पाहा. व्हिडिओत जे होतं ते म्हातारीच्या कानांना पोचत नव्हतं, आणि तिच्या कानांना जे पोचलं असतं ते व्हिडिओत नव्हतं.

राजदीपची बायको दीपमाला डबा घेऊन आली होती. तिनं ऐकलं आणि आताच्या आता फोन करून सांगा म्हणाली. त्यानं दोनदा फोन हातात घेतला. तेवढ्यात देवसिंगचाच आला. याडीनं पेटीतून ठेवणीतला फेटिया घागरा काढला आहे, उद्या सकाळी तिला घेऊन येतो, असं तो सांगत होता. राजदीप म्हणाला, या.

मग तो जे करत बसला ते त्याच्या तोंडाळपणाला शोभणारं नव्हतं. एका लग्नाच्या ताफ्याचं नंगारावादन त्याच्याकडं होतं, चांगल्या माइकवर घेतलेलं. त्यातला सगळ्यात दमदार असा एक ठोका त्यानं कापून घेतला आणि उत्तमसिंगच्या काठीच्या प्रत्येक टकटकीखाली तोच चिकटवत गेला. एकेक करून. काठी कुठं पडते ते खरं, पोट दुसऱ्याचं. दिवेलागणीला सगळं जुळलं. लावून पाहिलं तर त्याच्याच अंगावर काटा आला. इतका खरा नंगारा त्यानं आजवर गाडीत ऐकला नव्हता. लोकांना खोक्याच्या तळाचा आकडा वाचायला लावणारा हा माणूस, आज स्वतःच खोक्यावर तीन हजार वॉट छापून मोकळा झाला.

सकाळी देवसिंगनं आईला हाताला धरून आणली. वाळकी, ताठ, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिला मागच्या सीटवर बसवलं आणि तिचा तळवा पेटीवर ठेवला. राजदीपनं लावलं.

पहिल्याच ठोक्याला म्हातारीचा हात उडाला. तिनं दोघांकडं पाहिलं आणि ती हसली, तोंडात एकही दात नसलेलं लहान लेकराचं हसू. देवसिंग ढसाढसा रडायला लागला. राजदीपनं मान फिरवली, पण त्याचेही डोळे भरले होते. झालं एकदाचं, असं त्याला वाटलं.

मग तिचं हसणं हळूहळू कमी झालं. मान कलती करून, डोळे मिटून ती ऐकत राहिली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्यानं तिनं पोराला विचारलं, की कोण वाजवतोय. देवसिंगनं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, उत्तम. ती नाही म्हणाली. मग राजदीपकडं वळली. परका माणूस म्हणून त्याच्याशी ती वऱ्हाडीत बोलली.

"उत्तम सात वर्साचा होता तवा बैलबंडीवरून पडलता, बापू. जेवन्या हाताचा खांदा मोडलता. चार ठोके जोरात पडले का पाचवा हलका पडे त्याचा. मी घरात बसून मोजत होती. हलके जास्त झाले का समजो, आज खांदा दुखून राह्यला. मंग तेल लावून देत होती." तिनं पेटीवरून हात फिरवला. "हा हात चांगला हाये. हा माह्या पोराचा नोहे."

देवसिंगचा तोल गेला. जन्मात आईपुढं आवाज न चढवलेला माणूस भर रस्त्यावर तिच्यावर ओरडायला लागला, की तुझे कान गेलेत, तुला काय कळतं, भावाचा नंगारा मी ओळखत नाही का? म्हातारीला शब्द पोचत नव्हते, पोराचं चिडलेलं तोंड दिसत होतं. ती त्याच्याकडं घाबरून बघत राहिली.

राजदीप तेव्हा गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. देवसिंगनं म्हातारपणाला बोल लावला असता आणि गाडी घेऊन समाधानानं निघून गेला असता. राजदीपच्या मनात ते आलंही. पण चूक आपली, आणि ओरडा ती खातेय, हे त्याला बघवेना.

"देवसिंगभाऊ," तो म्हणाला, "मायचे कान बरोबर हायेत." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी न ऐकल्यापासून ते काल एकच ठोका शेकडो वेळा चिकटवल्यापर्यंत.

देवसिंगनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या. एक मुस्काटात दिली असती तरी राजदीपनं खाल्ली असती. पण त्यानं फक्त गाडीचं दार धरलं. म्हणाला, "खरा लाव."

"त्यात नाही काही, भाऊ. तिले नाही ऐकू येनार."

"माह्या भावाचा हाये न तो? लाव."

राजदीपनं लावला. टक टक, टक टक. होळीचा गलका, शिट्ट्या, आणि मोबाइल धरून उभ्या असलेल्या देवसिंगचंच मधूनमधून हसणं. नीट कान दिला तर चार टकटकींनंतर पाचवी जराशी हलकी, हे आता राजदीपलाही कळत होतं. देवसिंग खाली मान घालून ऐकत होता.

लालीबाईला वाटलं, पोरगा आपल्या बोलण्यानं रुसला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, रागावू नको म्हणाली. मग बांगड्या कोपराकडं सरकवल्या, दोन्ही तळवे पेटीवर नीट टेकवले, डोळे मिटले आणि बसून राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पेटी थंड होती.

"लाव न, बापू," ती राजदीपला म्हणाली. "कवाची बसली मी. उत्तमचा लाव."

तेव्हा व्हिडिओ अर्ध्यावर आला होता.